धर्मांतरानंतरची वाट

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग डोंगरगडच्या टेकड्या मागे टाकून छत्तीसगडच्या सपाट, भातशेतीच्या मुलखात उतरतो. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर ही या मार्गावरची ओळीने लागणारी स्थानके. आज त्यांतले भिलाई सर्वांत परिचित. सोव्हिएत सहकार्याने उभा राहिलेला तेथील पोलाद कारखाना आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली त्याची पहिली झोतभट्टी यांनी त्या नावाला देशाच्या औद्योगिक नकाशावर स्थान दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र भिलाई हे एक खेडे होते आणि परिसरात महत्त्व होते ते पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या राजनांदगावला. वैरागी महंतांच्या घराण्याकडे असलेले ते एक छोटे संस्थान. मराठी साहित्याच्या आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील एका मोठ्या स्थित्यंतराचे बीज याच संस्थानाकडे जाणाऱ्या आगगाडीत १८९३ साली पडले. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते.

टिळकांचे धर्मांतर अनेकांनी वर्णिले आहे. मात्र धर्मांतराचा इतिहास लिहिताना एक गोष्ट सहसा निसटते. बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी असतो. त्याची तारीख नोंदवता येते. त्या दिवसानंतर घर सुटले, पोटाची चिंता लागली, स्वकीयांनी तोंड फिरवले, ज्यांच्यात प्रवेश केला त्यांनीही पुरते आपले मानले नाही, तरी माणूस श्रद्धेवर टिकून कसा राहतो, याची तारीख कोठेच नोंदली जात नाही. चर्चच्या वह्यांत प्रवेशाची नोंद असते. परत फिरण्याचा मोह किती वेळा झाला याची नसते. त्या न नोंदलेल्या काळाचा शोध घेण्यासाठी मराठीत जी थोडी साधने आहेत, त्यांत टिळक दांपत्याचे आयुष्य अग्रभागी आहे.

छत्तीसगड आणि मराठी भाषा यांचा संबंध तेव्हा नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून तेथील कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. त्यामुळे वकील, कारकून, शिक्षक, संस्थानी नोकर अशा नात्यांनी मराठी कुटुंबे या भागात येत राहिली. १८८० च्या दशकात नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग झाला, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो पूर्वेकडे वाढवला आणि ही ये-जा अधिक सोपी झाली. नोकरीच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या एका तरुण मराठी कवीने राजनांदगावची वाट धरावी, यात म्हणून नवल नव्हते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घराणे, आईकडून आलेली कवित्वाची आणि भक्तीची ओढ, संस्कृताचा व्यासंग आणि एका जागी स्थिर न होणारा स्वभाव. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांचे वाङ्मयीन काम चालले होते आणि ‘ऋषि’ हे मासिकही त्यांनी काढले होते. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांविषयी त्यांचे मन पूर्वीच अस्वस्थ झाले होते. देशाच्या उन्नतीसाठी नवा धर्म हवा, असे वाटून त्याची तत्त्वेही त्यांनी स्वतःशी मांडून पाहिली होती. अशा मनःस्थितीत आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. बोलणे संस्कृत काव्यापासून सुरू होऊन धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांना पुढे सरकणे कठीण झाले.

राजनांदगावातील त्यानंतरचा काळ बाहेरून शांत आणि आतून खळबळीचा गेला. टिळक वाचीत होते, पत्रव्यवहार करीत होते. १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकाद्वारे अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध आला. मुंबईचे जस्टिन अ‍ॅबट हे या काळातील त्यांचे साहाय्यक. पुढे मराठी संतकवींची चरित्रे व काव्य इंग्रजीत नेणारे अ‍ॅबट ते हेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा देणारे धर्मोपदेशक तुकाराम नथोजी हे एतद्देशीय होते. ही निवड सहज झालेली नसावी; गोऱ्या हातून आपण नवा धर्म घेतला नाही, हे टिळकांना पुढील आयुष्यभर महत्त्वाचे वाटत राहिले.

या घटनेची सामाजिक किंमत समजण्यासाठी पाचच वर्षे आधीचे पुण्यातील पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण आठवावे. १८९० साली मिशनमध्ये दिलेला चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्यावरून एवढा गदारोळ होत असेल, तर बाप्तिस्मा घेणाऱ्याचे काय होत असेल, हे निराळे सांगायला नको. तो घरच्यांच्या लेखी मेलेलाच असे. पंगत, पाणवठा, श्राद्ध, मुंज, लग्न या सर्वांतून त्याचे नाव एका दिवसात पुसले जाई. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता खरा. पण कायदा वाडवडिलांच्या शेतातला वाटा देऊ शकत होता, आईच्या हातचा घास देऊ शकत नव्हता.

परतीचे दार मात्र पूर्ण बंद नव्हते आणि मोहाचे मूळ नेमके तेथेच होते. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनच्या घरातून परत आणल्यावर त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी मोठा वाद पत्करला होता. चहा-प्रकरणातील काहींनीही शेवटी प्रायश्चित्त घेऊन वाद मिटवला. म्हणजे परत येणाऱ्याला एक वाट होती; अवघड, अपमानाची, पण वाट. ज्याचे लहान मूल आणि तरुण पत्नी त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला उभी आहेत, त्याला ती किती जवळची वाटली असेल, याची कल्पना करता येते. छळ माणसाला ताठ करतो. उघडे राहिलेले दार त्याला आतून पोखरते. टिळकांची पहिली कसोटी या दुसऱ्या प्रकारची होती.

पत्नी लक्ष्मीबाई आणि १८९१ साली जन्मलेला मुलगा दत्तू या काळात माहेरच्या माणसांत होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या या मुलीचे लग्न अकराव्या वर्षाच्या सुमारास झाले होते. पतीचे एकाएकी घर सोडून जाणे, नोकऱ्या सोडणे, हाती आलेले पैसे वाटून टाकणे हे त्यांच्या सवयीचे झाले होते. पण धर्म सोडल्याची वार्ता आली तेव्हा संसाराचा आधारच कोसळला. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्या आश्रयाने त्यांनी पंढरपुरात काळ कंठला. विठ्ठलाच्या गावी, नवरा हयात असताना नवऱ्यावाचून राहणाऱ्या स्त्रीची ही अवस्था धड सधवेची नव्हती, धड विधवेची नव्हती. त्यांच्या कवितेचा उगम याच दुःखात आहे.

या ठिकाणी एका कायद्याची आठवण आवश्यक आहे. १८६६ साली सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार केवळ धर्मांतराच्या कारणाने नांदण्यास नकार देत असेल, तर न्यायालयात दाद मागून, ठरावीक मुदतीनंतर विवाह रद्द करवून घेण्याची सोय त्यात होती. टिळकांना हा मार्ग मोकळा होता. नव्या समाजात नव्याने संसार थाटला असता, तर कोणी दोष दिला नसता. अनेकांनी तो शहाणपणाच मानला असता. टिळकांनी तसे केले नाही. ते पत्रे पाठवीत राहिले, भेटीचे प्रयत्न करीत राहिले, वाट पाहत राहिले. परत जाऊन धर्म सोडायचा नाही आणि धर्माच्या नावाने पत्नी सोडायची नाही, असा दुहेरी निश्चय त्यांनी सुमारे चार-पाच वर्षे निभावला. एकीकडे झुकणे सोपे होते. दोन्ही धरून ठेवण्यात खरा भार होता.

लक्ष्मीबाईंची वाट याहून निराळी. अखेर त्या पतीकडे आल्या, पण धर्म बदलून नव्हे. अहमदनगरच्या परिसरात एका ख्रिस्ती माणसाच्या संसारात राहून त्यांनी आपली चूल, आपले पाणी, आपले सोवळे निराळे ठेवले. ही तडजोड दोघांनी मान्य केली, हे त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. पत्नीवर जबरदस्ती करण्याचा अधिकार रूढीने दिलेला असूनही टिळकांनी तो या बाबतीत वापरला नाही. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जनावरांत दिसतो तसा शरीराचा भेद माणसांतही दिसला असता. हा विचार कोणा शास्त्र्याशी वाद घालून आलेला नव्हता. घरकाम करता करता, एकटीने केलेल्या चिंतनातून आलेला होता. निर्णय झाल्यावर त्यांनी तो लगेच आचरणात आणला आणि ज्यांच्या हातचे पाणी आजवर वर्ज्य होते, त्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या. पुढे १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे गेलेली पत्नी, असे या घटनेचे वर्णन करणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. त्या गेल्या त्या स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या गतीने. म्हणूनच पतीच्या निधनानंतरही ती श्रद्धा टिकली.

ज्या वर्षी हे घडले, ते छपन्नच्या दुष्काळाचे वर्ष. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठ दोन दुष्काळांनी दख्खन आणि मध्य प्रांत यांची दैना केली. छत्तीसगडमधील ख्रिस्ती समाजाचा इतिहास या दुष्काळांपासून वेगळा काढता येत नाही. तेथे १८६८ साली ऑस्कर लोर या जर्मन धर्मोपदेशकाने बिश्रामपूर येथे ठाणे वसवले होते. गुरू घासीदासांच्या उपदेशाने मूर्तिपूजा सोडून सतनामाचा आधार घेतलेला सतनामी समाज एकगठ्ठा ख्रिस्ती होईल, अशी त्याची अपेक्षा होती. ती फोल ठरली. वर्षानुवर्षे आलेले लोक मोजके होते. दुष्काळ आला तेव्हा मात्र मिशनच्या दारी गर्दी झाली. अमेरिकेतील मेनोनाइट पंथीयांनी १८९९ साली धमतरी येथे आपले काम सुरू केले, तेही याच आपत्तीच्या पार्श्वभूमीवर. अनाथालये भरली, बाप्तिस्म्यांचे आकडे वाढले आणि त्याचबरोबर अन्नासाठी धर्म विकल्याचा आरोपही कायमचा चिकटला.

हा आरोप इतिहासकाराने झटकून टाकू नये आणि जसाच्या तसा स्वीकारूही नये. पाऊस परतल्यावर काही लोक आपापल्या गावी, आपापल्या ज्ञातीत परत गेले, हे खरे. भुकेने आणलेली माणसे भूक सरल्यावर निघून गेली, यात त्यांना दूषण देण्यासारखेही काही नाही. प्रश्न राहतो तो मागे राहिलेल्यांचा. अन्न मिळू लागले, तेव्हा ख्रिस्ती राहण्यात लाभ उरला नव्हता, तोटाच होता. गावाची विहीर, जातीची पंचायत, सोयरीक, पेरणीच्या वेळची मदत हे सारे गमावून ही माणसे राहिली. त्यांच्या प्रवेशाचा हेतू काहीही असो, राहण्याचा हेतू भुकेने उलगडत नाही. आरंभावरून श्रद्धेची प्रत ठरवण्याची सवय इतिहासलेखनालाही आहे आणि धर्मोपदेशालाही. येथे मात्र आरंभापेक्षा नंतरची चिकाटी अधिक बोलकी आहे. या माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. लक्ष्मीबाईंना शब्द सापडले, म्हणून त्यांची कहाणी उरली. बिश्रामपूर-धमतरीच्या स्त्रियांची कहाणी त्यांच्या नातवंडांच्या नावांत तेवढी उरली.

मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळाचा आणखी एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पंडिता रमाबाई त्या वेळी या प्रांतात आल्या आणि मदतकेंद्रांवर बेवारस झालेल्या शेकडो मुलींना पुण्याकडे घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्तिसदनाची वाढ या मुलींपासून झाली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. त्यापूर्वी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण, मग भाऊ, मग दोन वर्षांच्या आत पती, असे मृत्यू त्यांनी पाहिले होते. धर्मांतरानंतर महाराष्ट्रात त्यांना जो विरोध झाला तो सर्वज्ञात आहे. १८९३ साली, म्हणजे टिळकांच्या त्या प्रवासाच्याच वर्षी, शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. परंतु त्यांना दुसरीकडूनही ओढ सोसावी लागली. ज्या इंग्रज धर्मभगिनींनी त्यांना ख्रिस्ती केले, त्यांच्या सर्व मतांना मान तुकवण्यास रमाबाईंनी नकार दिला. ख्रिस्ताला मानले म्हणजे प्रत्येक चर्चाधिकाऱ्याला मानले असे नव्हे, ही त्यांची भूमिका होती. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. अखेरपर्यंत त्या मूळ भाषांवरून बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम करीत होत्या.

बाहेरच्या संकटाइतकेच आतल्या शंकेचे संकटही या इतिहासात आहे. त्याचे उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे. झाशीकडे जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे मराठी पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्यासाठी पुढे सरसावले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे स्वतःच ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले. पत्नी काही वर्षांतच निवर्तली. षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. पण स्वतःच्या मनातील शंकांचे खंडन त्यांना कधीच पुरते जमले नाही. एका पंथातून दुसऱ्या पंथाकडे ते आधार शोधत राहिले, स्वतःच्या श्रद्धेच्या अपुरेपणाने व्याकूळ होत राहिले आणि तरीही पन्नास वर्षांच्या आसपास त्याच वाटेवर राहून १८९५ साली, टिळकांच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी, मुंबईत निवर्तले. टिकून राहणे म्हणजे निःशंक असणे, ही समजूत गोऱ्यांच्या चरित्रापुढे उभी राहत नाही. शंका आणि निष्ठा एकाच छपराखाली दीर्घकाळ नांदू शकतात, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागते.

टिळकांची दुसरी कसोटी त्यांच्या नव्या घरातच झाली. अहमदनगरात त्यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. काम मिळाले, मान मिळाला. तरी मिशनच्या व्यवस्थेतील मालक-नोकर भाव त्यांना सलत राहिला. परदेशी धर्मोपदेशक वेतन ठरवणार, बढती ठरवणार, काय गावे आणि कसे बसावे हेही ठरवणार. देशी ख्रिस्ती त्यांच्या छत्राखाली कायमचे अज्ञान बालक. पूर्वीचे स्वकीय त्यांना परकीयांचा मनुष्य म्हणत आणि परकीयांच्या कार्यालयात ते कनिष्ठ ठरत. अशा दुहेरी परकेपणात धर्मनिष्ठा कडवट होण्याचा धोका मोठा असतो. अनेकांच्या बाबतीत श्रद्धा उघडपणे सुटत नाही. ती फक्त थंड होते.

टिळकांनी या संकटातून वाट काढली ती भक्तिपरंपरेच्या आधाराने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. ही नुसती शोभेची उपमा नव्हती. त्यांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत आणली, कीर्तन आणले, इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांऐवजी मराठी जिभेला सहज पेलणारी गीते शेकड्यांनी लिहिली. महाराष्ट्रातील चर्चमध्ये ती आजही गायली जातात. संतांच्या वाङ्मयात देवाच्या मौनाशी झगडण्याची, रुसण्याची, भांडण्याची आणि तरीही दारातून न हलण्याची एक मोठी परंपरा आहे. दुःखात देव हरवल्यासारखा वाटला, तर ती श्रद्धेची अखेर नसून भक्तीतीलच एक अवस्था आहे, हे मराठी मनाला नव्याने शिकवावे लागत नाही. तुकोबांनीही दुष्काळ पाहिला होता, त्यात कुटुंबातील माणसे गमावली होती आणि नंतर त्यांची विठ्ठलनिष्ठा अधिक खोल झाली होती. टिळकांनी ख्रिस्ती धर्माला ही भाषा दिली आणि त्या भाषेने टिळकांना टिकवून धरले. मिशनऱ्यांनी दिलेल्या धर्मावर ते राहिले, ते मिशनऱ्यांच्या पद्धतीने नव्हे, म्हणूनच राहू शकले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचे ते स्वप्न होते. हाती पैसा नव्हता, प्रकृती ढासळत होती, जुने सहकारी साशंक होते. आणि या निर्णयाचा ऐहिक भार नेहमीप्रमाणे घरावर, म्हणजे लक्ष्मीबाईंवर पडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराचे स्वप्न फार वाढले नाही. यशावरून मोजायचे झाल्यास हा अखेरचा अध्याय अपयशाचा आहे. पण आगगाडीतील त्या भेटीपासूनची २६ वर्षे एकत्र पाहिली, तर एक सातत्य दिसते : ज्या गुरूसाठी घर सोडले, त्याच्यासाठी प्रसंगी मिशनही सोडावे, पण त्याला सोडू नये.

लक्ष्मीबाई यानंतर १७ वर्षे जगल्या. टिळकांनी आरंभलेल्या ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. उरलेल्या सुमारे ६४ अध्यायांचे काम ज्या स्त्रीचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, तिने वृद्धपणी अंगावर घेतले आणि पार पाडले. शेवटचा हात मुलगा देवदत्त यांनी लावला. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, अशी देवदत्तांची मागणी होती. त्या आठवणींतूनच ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आकाराला आले आणि १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक श्रद्धेच्या चिकाटीविषयी असूनही त्यात उपदेश जवळजवळ नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. अपत्यांचे मृत्यू, उपासमार, विरह, लोकांचे टोमणे हे सारे त्यात येते; आणि तितक्याच सहजतेने विनोदही येतो. तो विनोद दुःख झाकण्यासाठी नाही. दुःखाला घरात जागा देऊन, संसार मात्र त्याच्या स्वाधीन न करण्याची ती रीत आहे. पतीच्या थोरवीपुढे लेखिका लीन आहे, पण डोळे मिटलेली नाही. त्यांचा रागीटपणा, उधळेपणा, विसरभोळेपणा ती स्पष्ट सांगते. संत म्हणून पुजलेल्या माणसाबरोबर संसार करणे काय असते, हे मराठीत इतक्या निर्मळपणे दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. त्यामुळे या पुस्तकाचा वाचक ख्रिस्ती असण्याची गरज उरत नाही. कोणत्याही निष्ठेसाठी किंमत मोजणाऱ्या माणसाला, आणि विशेषतः दुसऱ्याच्या निष्ठेची किंमत मोजावी लागलेल्या माणसाला, त्यात आपली ओळख पटते.

या दोघांच्या चिकाटीतील भेदही ध्यानात घेण्यासारखा आहे. टिळक टिकले ते पुढे जात राहून; थांबले असते तर कदाचित मागे फिरले असते. लक्ष्मीबाई टिकल्या त्या रोजच्या कामात पाय रोवून : स्वयंपाक, आजारी माणसे, घरी येऊन राहणारी पोरकी मुले, बालकवींसारखा कोवळा कवी, उसनवारी, ओवी. टिळकांच्या श्रद्धेला इतिहास मिळाला, कारण तिच्यात घटना होत्या. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेत घटनांपेक्षा दिवस जास्त होते. धर्मोपदेशक पहिल्या प्रकारचे दाखले देतात. माणसे प्रत्यक्षात बहुधा दुसऱ्या प्रकाराने तग धरतात.

अमेरिकन मराठी मिशन आणि लोर यांनी सुरू केलेले छत्तीसगडचे काम हे दोन वेगळे प्रवाह. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा दोन्हींचा त्या संघटनेत समावेश झाला. तोवर भिलाईचे खेडे मोठी वसाहत झाले होते आणि कारखान्याच्या भोवती देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन राहिली होती. त्यांत मराठी होती, तशीच अनेक भाषांत प्रार्थना करणारी ख्रिस्ती कुटुंबेही होती. गावापासून तुटलेल्या माणसाला नव्या ठिकाणी श्रद्धा धरून ठेवावी लागते, ती शेजारी, सण आणि कुलाचार यांच्या आधाराविना. १८९५ साली मुंबईच्या स्थानकावर उतरलेल्या टिळकांची आणि पंढरपुरात लहान मुलाला घेऊन बसलेल्या लक्ष्मीबाईंची स्थिती काही अंशी हीच होती.

राजनांदगावच्या वाटेवर टिळकांना पुस्तक देणारा प्रवासी पुन्हा त्यांच्या आयुष्यात आला नाही. त्याने दोन वर्षांचे भाकीत केले होते आणि ते खरे ठरले, म्हणून तो प्रसंग वारंवार सांगितला जातो. त्या दोन वर्षांनंतरच्या २४ वर्षांचे आणि लक्ष्मीबाईंच्या पुढील १७ वर्षांचे भाकीत मात्र त्याने केले नव्हते, करू शकलाही नसता. ती वर्षे या दोघांना एकेक करून स्वतःच काढावी लागली.